नर नसताना एमराल्ड क्रॅबच्या पोटाखाली अंडी! पिल्लं वाचवायची आहेत, मदत हवी

परळकर | ४ ऑगस्ट, रात्री ११:२०

मंडळी, घाईत लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

माझी तीन फुटी खाऱ्या पाण्याची टाकी आहे, साधारण १९० लिटरची. दोन क्लाउनफिश, एक फायरफिश, पाच-सहा गोगलगायी आणि एक एमराल्ड क्रॅब, म्हणजे शेवाळ खाणारा हिरवा खेकडा. कोरल नाहीत आणि ठेवणारही नाही. आपल्याकडे दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणून मी दगडही सुकेच आणले आणि सहा महिने मुरवले. तरी कुठल्यातरी गोगलगायीच्या शंखावरून बबल अल्गी (एक प्रकारचं शेवाळ) आत आलीच. हिरव्या काचेच्या गोट्या चिकटवल्यासारखी दिसते आणि हाताने काढायला गेलं की फुटून आणखी पसरते. तिच्यासाठी एप्रिलमध्ये हा खेकडा आणला. दोन महिन्यांत त्याने दगड साफ केले.

आज दिवे बंद करायच्या आधी तो कपारीतून बाहेर आला, पुढच्या काचेला टेकला आणि पोटाची घडी उघडली. आत खसखशीएवढे केशरी दाणे, गच्च भरलेले. मागचे पाय आत घालून ती ते दाणे हळूहळू विंचरत होती. हो, आता ‘ती’च म्हणायला हवं.

चार महिने ती एकटी आहे. टाकीत दुसरा खेकडा नाही. मग ही अंडी फळलेली असतील का? पिल्लं निघाली तर मासे खातील का? तिला आत्ताच वेगळी काढू का? तापमान २८, घनता १.०२५. जे माहीत असेल ते सांगा, मला खरंच ही पिल्लं वाचवायची आहेत.

कोळीवाड्यातली | ४ ऑगस्ट, रात्री ११:५२

दादा, अभिनंदन! फोटो आईला दाखवला. आई म्हणाली, ‘लाख भरली गो हिला.’

पण मग तिनेच सांगितलं की लाख वेगळी आणि हे वेगळं. लाख कवचाच्या आत असते, चिंबोरी फोडल्यावर लालसर केशरी दिसते ती. पोटाच्या झडपेखाली बाहेर आलेली ही अंडी त्याच्या पुढची पायरी. अशी मादी जाळ्यात आली की माझे आजोबा तिला परत पाण्यात सोडायचे. जून-जुलैत होड्या बंद असतात तेव्हा समुद्राच्या पोटात हेच चाललेलं असतं, असं आई म्हणते.

तुमचा खेकडा मादी आहे हे आधीही कळलं असतं. उलटा केला की नराची झडप निमुळती, त्रिकोणी असते आणि मादीची पसरट, गोल. बाजारात आम्ही तसंच ओळखतो.

सायन_सर्कल | ५ ऑगस्ट, सकाळी ७:४०

परळकर, बारा वर्षं खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळतोय, तेवढ्या अनुभवावर सांगतो.

अंडी फळलेली असण्याची शक्यता चांगली आहे. बऱ्याच खेकड्यांच्या माद्या नराचं बीज शरीरातल्या पिशवीत साठवून ठेवतात आणि पुढे अंडी घालताना वापरतात. एकाच मीलनावर दोन-तीन खेपाही होऊ शकतात. तुमच्याकडे यायच्या आधीच तिचं मीलन झालं असणार.

तिला आत्ता अजिबात हलवू नका. जाळीने पकडताना ती घाबरली तर अंडी खरवडून टाकते. अंड्यांचा रंग बघत राहा. आज केशरी म्हणजे आत बलक भरपूर आहे. गर्भ तो बलक संपवत जातो तसा रंग तपकिरी होतो, मग राखाडी. शेवटी प्रत्येक दाण्यात दोन काळे ठिपके दिसू लागतात, ते डोळे. डोळे दिसले की समजा एक-दोन रात्री उरल्या.

आणि एक मनाची तयारी ठेवा. अंड्यातून खेकडा बाहेर येत नाही. येतं ते झोईया, पाण्यात तरंगणारं, टोकदार काट्याचं आणि मोठ्या डोळ्यांचं पिल्लू. तुमच्या टाकीत ते जन्मलं तर क्लाउनफिश दहा मिनिटांत फडशा पाडतील. जी वाचतील ती पॉवरहेडमध्ये (पाणी फिरवणाऱ्या पंपात) नाही तर स्किमरमध्ये (घाण फेसातून काढणाऱ्या यंत्रात) जातील. वाचवायची असतील तर त्यांच्यासाठी वेगळं पाणी, वेगळं भांडं आणि जिवंत खाणं, सगळं आधीपासून तयार हवं.

आजोळ_माणगाव | ५ ऑगस्ट, सकाळी ९:१५

अंड्यातून खेकडा येत नाही हे मला पटायला जड जातंय. लहानपणी आजोळी भाताच्या बांधावर आम्ही मुठे पकडायचो. एकदा मामाने एक मादी उलटी करून दाखवली होती. झडपेखाली मुगाच्या डाळीएवढे शेकडो खेकडे वळवळत होते, पूर्ण आठ पाय आणि दोन नांग्यांचे. मामाने तिला पुन्हा बिळाशी ठेवलं. पन्नास वर्षं झाली, पण ते डोळ्यांसमोरून जात नाही. मग हे झोईया काय प्रकरण?

खारफुटी | ५ ऑगस्ट, सकाळी १०:३०

काका, तुम्ही पाहिलंत तेही शंभर टक्के खरं आहे. मी मात्स्यिकीची विद्यार्थिनी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुठे गोड्या पाण्यातले. ते समुद्राकडे जात नाहीत. त्यांची अंडी थोडी आणि मोठी असतात, आत बलक भरपूर. तरंगणाऱ्या अवस्था अंड्यातच पार पडतात आणि बाहेर येतो तो तयार छोटा खेकडा. आई त्यांना काही दिवस झडपेखाली घेऊन फिरते. ओढ्याच्या पुरात काट्याची तरंगती पिल्लं सोडली तर ती कुठल्या कुठे वाहून जातील, म्हणून हा मार्ग.

समुद्रातल्या खेकड्यांचं उलट. अंडी बारीक आणि भरमसाट. आपली खाडीतली चिंबोरी घ्या. मादी अंडी द्यायला खाडी सोडून खुल्या समुद्रात जाते, एका खेपेला लाखांनी अंडी देते. तिच्या पिल्लांना झोईयाच्या पाच अवस्था पार कराव्या लागतात, प्रत्येक वेळी कात टाकून. मग मेगालोपा. याला नांग्या फुटलेल्या असतात, पण शेपूट अजून मागे पसरलेली असते, साधारण छोट्या शेवंडीसारखी. ती शेपूट पोटाखाली दुमडली गेली की झाला खेकडा. तामिळनाडूत राजीव गांधी सेंटर फॉर ॲक्वाकल्चरच्या हॅचरीत चिंबोरीची पिल्लं अशी वाढवतात. कात टाकताना अडकून मरणारी पिल्लं ही तिथेही मोठी डोकेदुखी असते.

परळकर दादा, तुमचं नशीब की एमराल्ड क्रॅबच्या कुळात झोईयाच्या दोनच अवस्था असतात. कोमट पाण्यात साधारण दहा दिवसांत खेकडा होऊ शकतो. घरी करण्यासारखं जर काही असेल तर ते हेच.

चष्मेवाला | ५ ऑगस्ट, दुपारी १:०५

अवांतर आहे, पण राहवत नाही. झोईया हे नाव मुळात पिल्लाचं नव्हेच. १८०२ साली बॉस्क नावाच्या फ्रेंच निसर्ग-अभ्यासकाने समुद्रातला हा काटेरी जीव वेगळाच प्राणी समजून त्याला हे नाव दिलं. मेगालोपाही तसाच, स्वतंत्र प्राणी म्हणून नोंदला गेला. पुढे आयर्लंडमध्ये कॉर्कच्या बंदरात जॉन व्हॉन थॉम्पसन या लष्करी शल्यवैद्याने झोईया भांड्यात ठेवून लक्ष दिलं आणि १८२८ पासून छापून सांगायला सुरुवात केली की ही खेकड्याचीच पिल्लं आहेत. कित्येक मोठ्या अभ्यासकांनी ते बरीच वर्षं मानलं नाही.

परळकर, तुम्ही परळच्या खोलीत जे करणार आहात ते त्या माणसाने दोनशे वर्षांपूर्वी केलं. तारीख-वेळेसकट सगळं लिहून ठेवा.

कोळीवाड्यातली | ५ ऑगस्ट, दुपारी १:३०

वा! वाचनखूण साठवली.

परळकर | १० ऑगस्ट, रात्री १०:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. वही केली आहे.

अंडी आता तपकिरी झाली आहेत. ती फार कमी खाते, कपारीतच बसते आणि मधूनमधून झडप उघडून पाणी खेळवते. आज भिंग लावून काचेतून पाहिलं, डोळे अजून दिसत नाहीत.

तयारी अशी. पाच लिटरची काचेची बरणी घेतली. सायन_सर्कल यांनी व्यक्तिगत निरोपात सांगितल्याप्रमाणे एअर पंपाची नळी, टोकाला बारीक बुडबुडे करणारा दगड न लावता, थेट सोडली आहे, सेकंदाला दोन-तीन मोठे बुडबुडे. बारीक बुडबुडे पिल्लांच्या काट्यांना चिकटून त्यांना वर ओढतात म्हणे. पाणी मुख्य टाकीतलंच, म्हणजे मादीला ज्याची सवय आहे तेच. पिल्लांच्या खाण्यासाठी आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जीवाची) अंडी बाजारातून आणली आणि काल चाचणी म्हणून मिठाच्या पाण्यात लावली. चोवीस तास झाले, छत्तीस झाले, शंभरातलं एखादं फुटलं असेल. डबीवरची तारीख खोडलेली होती, हे घरी आल्यावर कळलं. पिल्लं निघाल्यावर हे लक्षात आलं असतं तर सगळी उपाशी मेली असती. दुसरी कुठून आणू?

सायन_सर्कल | १० ऑगस्ट, रात्री १०:४०

माझ्याकडे फ्रीजमध्ये बंद डबा आहे, उद्या परळ स्टेशनला येऊन देतो. आर्टेमियाच्या अंड्यांना दमट हवा लागली की संपलं, आणि मुंबईच्या पावसाळ्यात उघडा डबा आठवडाभरही बाहेर ठेवू नये.

रोज नवीन बाटली लावा. फुटल्यावर पहिल्या काही तासांतच आर्टेमियाच्या पिल्लाच्या अंगात बलक असतो. दुसऱ्या दिवशी तो संपतो आणि झोईयाच्या पोटात नुसतं टरफल जातं. गाळताना हवा बंद करा आणि तळाशी टॉर्च लावा. आर्टेमिया उजेडाकडे खाली येतात, टरफलं वर राहतात. खालचं तेवढं नळीने ओढून घ्या.

खारफुटी | १० ऑगस्ट, रात्री ११:०२

जमलं तर पहिले दोन दिवस रोटिफरही (पाण्यातले सूक्ष्म जीव) द्या, ते आर्टेमियापेक्षा बारीक असतात. माझ्याकडे हिरव्या पाण्यात, म्हणजे सूक्ष्म शेवाळाच्या पाण्यात, वाढवलेले आहेत, अर्धा लिटर देऊ शकते. नाही मिळाले तरी या जातीची पिल्लं ताजा आर्टेमिया पकडतात, अडून राहू नका.

दादरची_मावशी | ११ ऑगस्ट, सकाळी ८:२०

एवढा त्रास घेता आहात, कौतुक वाटतं. एक सुचवते, राग मानू नका. जास्तीची पिल्लं दादर चौपाटीवर समुद्रात सोडून दिली तर? निदान जगतील तरी. आमच्याकडे गणपतीनंतर उरलेलं सगळं समुद्रालाच देतात.

खारफुटी | ११ ऑगस्ट, सकाळी ८:५५

मावशी, तुमची माया कळते, पण हे मात्र नको. एमराल्ड क्रॅब कॅरिबियनचा. आपल्या समुद्रात तो कधीच नव्हता. उलट घडलेलं उदाहरण सांगते. चॅरिबडिस हेलेरी नावाचा पोहणारा खेकडा आपल्या हिंदी महासागराच्या बाजूचा. १९८० च्या दशकात तो कॅरिबियनमध्ये सापडू लागला, बहुधा जहाजांच्या टाक्यांमधल्या पाण्यातून त्याची पिल्लं तिकडे गेली. आता तो फ्लोरिडापासून ब्राझीलपर्यंत पसरला आहे. एकदा शिरल्यावर परत काढता येत नाही.

आणि पावसाळ्यात चौपाटीचं पाणी नाल्यांमुळे इतकं गोडं आणि गढूळ होतं की पिल्लं तशीही तासाभरात मरतील.

दादरची_मावशी | ११ ऑगस्ट, सकाळी ९:१०

हे माहीत नव्हतं. बरं झालं विचारलं.

परळकर | १५ ऑगस्ट, रात्री २:३५

झाली! हात अजून थरथरतायत.

परवा डोळे दिसले. अंड्यांचा पुंजका राखाडी झाला होता आणि भिंगातून प्रत्येक दाण्यात दोन टिंबं. काल संध्याकाळी पेल्यात हळूच घेऊन तिला टाकीच्या आतल्या जाळीच्या डब्यात ठेवलं, हात लावला नाही. दहाला दिवे बंद केले. पॉवरहेड आणि स्किमर दोन्ही बंद.

पावणेअकराला ती चारही जोड्या पायांवर उंच उभी राहिली, टाचा उचलाव्यात तशी. झडप पूर्ण मागे झाली आणि तिने पोट झटकलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा धूर सुटावा तसा एक लोट निघाला. मी आधी समजलो अंडीच सांडली. मग टॉर्च डब्याच्या कोपऱ्याला लावली आणि तो सगळा धूर उजेडाकडे वळला. रव्याच्या कणाएवढं एकेक, झटके देत पोहणारं. ड्रॉपरमध्ये एक घेऊन भिंगाखाली धरलं. अंगाच्या मानाने प्रचंड डोळे, पाठीवर एक काटा, आणि शेपूट सारखी आत-बाहेर. कातडी इतकी पारदर्शक की मागे काहीतरी धडधडताना दिसलं. मला वाटतं ते हृदय होतं.

मी किती वेळ तसाच बघत बसलो कळलं नाही. बायको मागे येऊन उभी होती. ती काही बोलली नाही, तिने फक्त दुसरी टॉर्च धरली.

उजेडाजवळ जमलेली नळीने ओढून बरणीत घेतली. अंदाजे तीनशे. बाकीची डब्याच्या जाळीतून निसटली, सकाळपर्यंत उरणार नाहीत. बरणीत रोटिफर सोडले आहेत. आई थकून कोपऱ्यात बसली आहे, तिला कोळंबीचा तुकडा दिला तो लगेच घेतला.

आजोळ_माणगाव | १५ ऑगस्ट, सकाळी ६:५०

सकाळी चहा घेताना वाचलं आणि बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. वहिनींना नमस्कार सांगा. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

परळकर | १९ ऑगस्ट, रात्री ९:३०

वाईट बातमी आहे. तिसऱ्या दिवशी कात टाकून बरीचशी दुसऱ्या अवस्थेत गेली, तोवर सगळं छान होतं. आज सकाळी तळाशी पांढरा थर होता. दोनशेच्या वर मेली. काही अर्धवट कातीत अडकलेली, डोळे जुन्या सालीत आणि शेपूट बाहेर.

कारण शोधलं. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं साधन) लावला तर बरणीत घनता १.०३० च्या पुढे. टाकीसाठी जो पंखा लावला आहे त्याचा वारा बरणीवर येत होता. १९० लिटरमध्ये जे पाणी उडाल्याचं जाणवत नाही ते पाच लिटरमध्ये जीवघेणं ठरलं. मी रोज मोजत होतो, पण टाकीचं पाणी मोजत होतो, बरणीचं नाही.

आता काय करू? एकदम आरओचं पाणी घालू का?

सायन_सर्कल | १९ ऑगस्ट, रात्री ९:३६

एकदम नको! ऑनलाइन राहा. एअरलाइनच्या नळीला गाठ मारून थेंबथेंब सोडा, सकाळपर्यंत १.०२६ वर आलं तरी पुरे. पंख्याची दिशा बदला, बरणीवर सैल झाकण ठेवा आणि पाण्याच्या पातळीवर काचेला मार्करने रेघ मारा. पाणी रेघेखाली गेलं की तेवढंच गोडं पाणी घालायचं, सकाळ-संध्याकाळ. मेलेली लगेच काढा, नाहीतर अमोनिया उरलेल्यांना मारेल.

जे गेलं ते मलाही लागलं. माझ्या पहिल्या खेपेला एकही वाचलं नव्हतं.

खारफुटी | १९ ऑगस्ट, रात्री ९:५०

दादा, खारटपणा हे कारण असणारच, पण दुसऱ्या कातीच्या वेळी काही मरतात ती खाण्यामुळेही. उद्यापासून आर्टेमियाला तासभर हिरव्या पाण्यात ठेवून मग द्या, म्हणजे त्यातली चरबी पिल्लांपर्यंत पोहोचेल. आणि मेगालोपा दिसला की प्लास्टिकच्या जाळीचे तुकडे, शंखाचे तुकडे, जे आडोसा देईल ते आत टाका. नांगी फुटली की ते एकमेकांना खातात.

परळकर | २६ ऑगस्ट, रात्री ११:४५

धागा वर काढतोय, कारण सांगण्यासारखं आहे.

सहाव्या दिवशी पहिला मेगालोपा दिसला. पोहण्याची पद्धतच बदलली होती. झटके गेले, सरळ रेषेत जाऊन काचेला धरायचा. त्या दिवशी मोजले ते बावीस. कपडे धुण्याच्या जाळीच्या पिशवीचे तुकडे धुऊन टाकले. तरी रोज एक-दोन कमी होत गेले. एकदा तर डोळ्यांदेखत एकाने दुसऱ्याला मागून धरलं. ड्रॉपरने सोडवेपर्यंत उशीर झाला होता.

काल, अकराव्या दिवशी, शंखाच्या तुकड्यावर राजगिऱ्याच्या दाण्याएवढं काहीतरी तिरकं चालताना दिसलं. तिरकं! भिंग लावलं. शेपूट नाही, दुमडून पोटाखाली गेलेली. पायांवर बारीक केस, आणि चमच्यासारख्या टोकाच्या दोन नांग्या, आईसारख्याच. रंग अजून मळकट पांढरा.

आज रात्रीपर्यंत असे चार. तिघांना औषधाच्या छोट्या बाटल्यांना भोकं पाडून वेगवेगळं ठेवलंय, चौथा सापडत नाहीये, जाळीत कुठेतरी आहे.

कोळीवाड्यातली | २७ ऑगस्ट, सकाळी ७:०५

दादा!! आईने सकाळी बाजारात जायच्या आधी फोटो बघितला. ‘तिरकी चालली म्हणजे झाली चिंबोरी’ म्हणाली. परवा तिला विचारलं होतं की अमावास्येला चिंबोऱ्या भरलेल्या आणि पुनवेला पोकळ असं का म्हणतात. तर म्हणे, कात टाकली की आत मांस नसतं, नुसतं पाणी. तुमच्या वहीत कातीच्या तारखांसमोर तिथीही लिहा ना, मला ताडून बघायचं आहे.

परळकर | २७ ऑगस्ट, सकाळी ८:३०

लिहितो, आजपासून. आधीच्याही कॅलेंडर बघून भरतो. पण माझ्याकडे उजेड दिव्याचा आणि भरती-ओहोटी नाही, तेवढं ध्यानात ठेव.

परळकर | ९ सप्टेंबर, रात्री १०:२०

चारांतला चौथा सापडला, जिवंत. बाटलीतला एक मात्र कात टाकताना गेला. म्हणजे तीन. सगळ्यात मोठा आता मुगाएवढा आहे आणि कवचावर हिरवट छटा आली आहे. बबल अल्गीचा एक दाणा मुद्दाम ठेवला होता, तो त्याने दोन दिवस कुरतडून रिकामा केला. बाकीच्या दोघांना वाळवलेल्या नोरीचा (खायच्या समुद्री शेवाळाचा) तुकडा आवडतो.

आणि आईच्या पोटाखाली आज पुन्हा केशरी दिसलं. या वेळी एका बरणीवर विसंबणार नाही. ज्यांच्याकडे मुरलेली टाकी आणि ताजा आर्टेमिया आहे त्यांनी काही पिल्लं घेऊन जावीत, म्हणजे एका घरी चूक झाली तरी सगळी जाणार नाहीत. पैसे नकोत, फक्त प्रत्येकाने वही ठेवावी.

सायन_सर्कल | ९ सप्टेंबर, रात्री १०:३१

मी घेतो शंभर. दोन बरण्या लावतो, एकीत नुसता आर्टेमिया, दुसरीत आधी रोटिफर. फरक पडतो का ते कळेल.

कोळीवाड्यातली | ९ सप्टेंबर, रात्री १०:४४

माझ्याकडे टाकी दोन फुटीच आहे, पण वर्षभर जुनी आहे. मला पन्नास जमतील. लोकलने आणताना काय काळजी घेऊ?

परळकर | ९ सप्टेंबर, रात्री १०:५८

दोन लिटरची स्वच्छ बाटली आण, साबण न लागलेली. अर्धीच भरायची, म्हणजे वर हवा राहील. उजेड नको, बाहेरून काळं कापड गुंडाळ, नाहीतर सगळी एका बाजूला गोळा होऊन काटे एकमेकांत अडकतात. घरी गेल्यावर अर्धा तास बाटली तुझ्या बरणीत तरंगत ठेव आणि मग तुझं पाणी थोडं थोडं मिसळ. डोळे दिसले की त्याच दिवशी फोन करतो. रात्री साडेनऊपर्यंत ये, दहाला दिवे बंद करायचे आहेत. आईलाही घेऊन ये, तिला प्रत्यक्ष बघू दे.